भरकटलेल्या क्षेपणास्त्राची खबर लगेच मिळायला हवी : आपल्या खासदारांना पत्र लिहा



9 मार्च 2022 रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. ते निःशस्त्र होते, प्राणहानी झाली नाही. देखभाल चालू असताना तांत्रिक बिघाड झाला, असे आपल्या सरकारने जाहीर केले ते 11 मार्चला. पुढे हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले आणि आपण सगळे ते विसरून गेलो.

विसरण्यासारखे ते नव्हते. दोन्ही देशांकडे प्रत्येकी दीडशेहून अधिक अण्वस्त्रे असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या पोटात काय आहे हे रडार सांगत नाही, आणि शेजारी देशांच्या हाती विचाराला मोजकी मिनिटे असतात. तेव्हा सीमेवर शस्त्रसंधी होती. हीच चूक मे 2025 मधील भारत-पाक लष्करी संघर्षाच्या चार दिवसांत झाली असती तर?

अण्वस्त्रमुक्त जग आम्हालाही हवे आहे. राजीव गांधींनी 1988 मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेली योजना 2010 पर्यंत सारी अण्वस्त्रे नष्ट करण्याची होती. ती कागदावरच राहिली. अमेरिका-रशियाच्या न्यू स्टार्ट कराराची मुदतही फेब्रुवारी 2026 मध्ये संपली. पण त्यांच्यासाठी आपण का थांबावे? भारत आणि पाकिस्तान 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला न करण्याच्या करारानुसार. कारगिल युद्धानंतरही हा क्रम मोडला नाही.

उणीव आहे ती दुसरीकडे. चाचणीची पूर्वसूचना देण्याचा 2005 चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा आहे. ब्रह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत. अपघाताची खबर देण्याचा 2007 चा करार केवळ अण्वस्त्रांपुरता आहे. पारंपरिक क्षेपणास्त्र भरकटले, तर ते कळवण्याचे बंधन या दोन्ही करारांत नाही.

म्हणून महाराष्ट्राच्या 48 लोकसभा खासदारांपैकी जे तुमचे, त्यांना पत्र लिहा. क्रूझ क्षेपणास्त्रांना 2005 च्या करारात घ्यावे, आणि कोणतेही क्षेपणास्त्र चुकून सुटल्यास दोन्ही देशांमधील हॉटलाइनवर त्याच क्षणी कळवण्याचा करार व्हावा, यासाठी सरकारने प्रस्ताव द्यावा, अशी मागणी सभागृहात मांडायला सांगा. यात दुबळेपणा नाही. पोखरणच्या 1998 च्या चाचण्या करणाऱ्या वाजपेयींनीच सुमारे नऊ महिन्यांत लाहोरला जाऊन पूर्वसूचनेची बोलणी मार्गी लावली होती.

पत्र मराठीत, स्वतःच्या शब्दांत असू द्या. नाव, गाव आणि मतदारसंघ जरूर लिहा, आणि लेखी उत्तर मागा.