नीती समाज ठरवतो? मग १९४८चं काय?

‘नीती-अनीती समाज ठरवतो, त्यासाठी अल्लाह कशाला हवा?’ आमची शिकलेली मुलं हल्ली असं सहज बोलून जातात. मी त्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहायला सांगतो.

रझाकारांनी इथल्या गावांत लूट केली, माणसं मारली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. (उस्मानाबाद की धाराशिव, हा वाद आज नको.) १३ ते १७ सप्टेंबर १९४८ला पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजानं संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता.

समाजच नीती ठरवत असेल तर रझाकारांच्या टोळीत रझाकार बरोबर, सूड घेणाऱ्या जमावात जमाव बरोबर. चुकलं कोण? कोणीच नाही! फार तर तुम्हाला ते आवडलं नाही, जसं कोणाला कारलं आवडत नाही. हे कबूल आहे?

त्याच अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच हल्ल्यातून वाचवलं, त्यात स्वतःचे जीवही गमावले. त्या दिवशी भोवतीचा समाज काय सांगत होता? मग यांनी कोणाचं ऐकलं? एकाच धंद्यातली ओळख होती, असं म्हणाल. होतीच. पण ओळखीनं शेजाऱ्याचा जीव मोलाचा केला नाही. तो मोलाचा आहे हे त्यांच्या नजरेस आणलं, इतकंच. उत्क्रांतीनं आपला कळप सांभाळायला शिकवलं असेल. कळपाला आडवं होऊन मरायला कोणी शिकवलं?

ही जाण आपण बनवलेली नाही, उलट ती आपल्यावर हुकूम चालवते. जमावाहून, सरकारहून, माझ्याहूनही वरचा हुकूम आहे, तर तो देणारा कोणीतरी आहे. मी त्याला अल्लाह म्हणतो, आणि त्यानं माणसात ठेवलेल्या त्या जाणिवेला फितरत.

आता आपली मंडळी. ‘ईमान नाही तिथं माणुसकी नाही’ असं मशिदीच्या पायरीवर बसून ठासून सांगणाऱ्यांना विचारतो, त्या विणकरांना कुठं कलमा येत होता? रझाकारांना येत होता. कोणाच्या वैरापोटीही इन्साफ सोडू नका असं बजावणारी सूरह माइदाची आठवी आयत त्यांच्याही घरातल्या कुरआनात होती. आपल्या बैठकींत अठ्ठेचाळीसची गोष्ट नेहमी पोलीस अ‍ॅक्शनपासून सुरू होते. ती थोडी आधीपासून सांगा.