यंत्र आपलं, मालक दुसराच?



नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर) कोपरगावपासून जामखेडपर्यंत आपली पोरं सेकंडहँड लॅपटॉपवर कोड शिकतायत. चार जीबी रॅम, बॅटरी मेलेली, चार्जरला चिकटपट्टी. अन् आत विंडोज. कैकदा दुकानदारानं क्रॅक करून टाकलेलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा पाहिजे. म्हणजे चालतं यंत्र भंगारात घाला अन् नवं आणा. कुणाच्या पैशानं? पाथर्डीच्या ऊसतोड बापाच्या उचलीतून?

माझं म्हणणं सरळ आहे. यंत्र फेकू नका, त्यावर लिनक्स टाका.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं कर्नेल लिहिलं. दोन्हींचा सोर्स कोड उघडा: वाचा, बदला, वाटा. फुकट मिळतं एवढ्यासाठी मी हे सांगत नाही. फुकट तर क्रॅक विंडोजबी मिळतं. पण तो चोरून भरलेला हंडा झाला, पाणवठ्यावरचा हक्क न्हाय.

आणि पोटाचंही बघा. वेबचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. गिट टोरवाल्ड्सनंच २००५ ला लिहिलं. डॉकर लिनक्स कर्नेलच्या जोरावर उभं. विंडोजवर लिनक्सचे कंटेनर चालवायला आत आभासी लिनक्स उभं करावं लागतं, तिथं चार जीबीचा जीव जातो. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मरनं लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. २०१६ ला त्याच कंपनीनं विंडोजच्या पोटात लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय केली. साल्यांना कळलं. आपल्याला कधी कळणार?

अडचणी लपवायच्या नाहीत. टॅली, फोटोशॉप तिथं सरळ चालत नाही. डीटीपीवाल्यांचे जुने फाँट दगा देतात. मराठी युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टनं टाइप करायला शिका. एखादं वायफाय कार्ड रुसून बसतं. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा: वायफाय, आवाज, पडदा. फायलींची नक्कल दुसरीकडं ठेवा. मग मिंटचं एक्सएफसीई टाका नाहीतर डेबियन. डिस्कवर जागा असेल अन् विंडोज लागतच असेल, तर दोन्ही शेजारी नांदू द्या.

खरी अडचण वेगळीच आहे. कोड उघडा, पण त्याची माहिती बहुतेक इंग्रजीत. झेडपीच्या शाळेतून आलेल्या पोराला हे दुसरं कुलूपच. एकट्यानं टाकलं तर चार दिवसांत वैतागून तो परत जुन्या मालकाकडं जाणार. म्हणून पाच जणांनी मिळून टाका. रविवारी वस्तीतल्या वाचनालयात बसा. काय बिघडलं, कोणत्या कमांडनं सुटलं, ते मराठीत लिहा, पुढच्याला द्या.

यंत्रं चालवणारे आपल्यात खूप झाले. आता ती उघडून बघणारे व्हा.