विश्लेषण : आयात शुल्क उतरणीला; अकलूजच्या ‘सेत्ते’समोर आव्हान कोणते?

वाशी किंवा सीवूड्समधील वाइनच्या दुकानात सर्वात वरच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी-शेजारी असू शकतात. एक सोलापूर जिल्ह्यातील अकलूजहून ट्रकने आलेली, दुसरी ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेली. या दोघींमध्ये अनेक वर्षे १५० टक्के आयात शुल्काची भिंत होती. ती आता उतरू लागली आहे, आणि सर्वाधिक उतरते आहे ती नेमकी या वरच्या फळीवर.

‘सेत्ते’ काय आहे?

‘सेत्ते’ ही ‘फ्रातेली’ची उंची रेड वाइन. इटालियन भाषेत ‘फ्रातेली’ म्हणजे भाऊ आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेया व अलेस्सियो सेच्ची या भावांच्या तीन जोड्या आणि सातवे टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. फ्रान्समधून आणलेली सुमारे साडेतीन लाख रोपे माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव परिसरात लावण्यात आली. उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांचा मळा उभा राहिला. ‘सेत्ते’चा पाया सांजोव्हेझे आणि कॅबरने सोव्हिनियाँ या जातींचा असून ती ओकच्या पिंपांत मुरवली जाते.

वाइनची द्राक्षे वेगळी कशी?

वाशीच्या ‘एपीएमसी’त येणारी थॉमसन किंवा सोनाका ही खाण्याची द्राक्षे. त्यांचा मणी मोठा, साल पातळ आणि बी नसलेले हवे. वाइनला उलटे चालते. मणी लहान, साल जाड आणि आत बी. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. दर्जेदार वाइनसाठी वेलीवर मुद्दाम कमी घड ठेवले जातात, म्हणजे एकरी उत्पादन घटते.

महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. दोन्हींचा खर्च येतो, पीक मात्र एकच. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान होते. नवी लागवड वाइनयोग्य पीक देण्यास सुमारे तीन वर्षे घेते. त्यानंतर पिंपात मुरण्याचा काळ वेगळा. इतकी वर्षे अडकलेले भांडवलही बाटलीच्या किमतीत असते.

शुल्काचे गणित काय?

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात बाटलीच्या आयात किमतीनुसार टप्पे आहेत. पाच डॉलरपेक्षा कमी किमतीच्या बाटलीला सवलत नाही. पाच डॉलर व त्याहून अधिक किमतीच्या बाटलीवरील शुल्क १५० वरून १०० टक्के झाले. ते दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येईल. १५ डॉलर व त्याहून महाग बाटलीवरील शुल्क लगेच ७५ टक्के झाले आणि दहा वर्षांत २५ टक्के होईल.

उदाहरणार्थ, १५ डॉलरची बाटली १५० टक्के शुल्कासह ३७.५० डॉलरला पडत होती. ७५ टक्क्यांनी ती २६.२५ डॉलरला पडते. शुल्क २५ टक्क्यांवर आल्यावर १८.७५ डॉलरला, म्हणजे निम्म्या किमतीत. राज्याचे कर, वितरक आणि विक्रेत्याचा वाटा त्यावर चढतो, त्यामुळे दुकानातील किंमत त्याच प्रमाणात घटेलच असे नाही.

युरोपीय संघाबरोबरच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झाले. त्यातही वाइनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले आहे. सांजोव्हेझे ही मुळात टस्कनीतील कियांती वाइनची द्राक्षजात. त्यामुळे ‘सेत्ते’ची गाठ थेट माहेरच्या वाइनशी पडू शकते.

शेतकऱ्याचा संबंध कुठे?

स्वस्त देशी वाइनला या रचनेत संरक्षण उरते. पण दर्जेदार द्राक्षाला चांगला भाव देण्याची ताकद उंची बाटलीत असते. तिचा खप घटला, तर कमी घड ठेवून दर्जा जपणे परवडत नाही. शिवाय हा माल वाशीच्या फळबाजारात खपत नाही. त्याला गिऱ्हाईक वाइनरीच. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा नाशिक पट्ट्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटले. नारायणगावची ‘शातो इंदाज’ ही देशातील सुरुवातीच्या वाइनरींपैकी एकही त्याच काळात आर्थिक संकटात सापडली.

राज्याची मदत किती?

राज्यात वाइनवर २० टक्के व्हॅट आहे. महाराष्ट्रातील द्राक्षांपासून वाइन बनवणाऱ्या उद्योगांना त्यातील १६ टक्के परत देणाऱ्या प्रोत्साहन योजनेला मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी मंजुरी दिली. सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीचा जानेवारी २०२२ मधील निर्णय मात्र विरोधामुळे अमलात आला नाही.

पुढे काय?

परताव्याची मुदत पाच वर्षांची, शुल्ककपात दहा वर्षांची. म्हणजे शुल्क सर्वात खाली येईल तेव्हा परतावा असेलच, याची आज हमी नाही. वेलीचे आयुष्य या दोन्हींपेक्षा मोठे असते. करार लागू झाला त्या वर्षी लावलेला वेल दहा वर्षांचा होईल, तेव्हा त्याच्या वाइनसमोर २५ टक्के शुल्काची बाटली उभी असेल. आज नवी लागवड करणाऱ्या कुटुंबाला हिशेब आजच्या भावाचा नव्हे, त्या दिवसाचा मांडावा लागणार आहे.