दान देताना खरं सांगा

मागच्या पावसाळ्यात कर्जतजवळच्या एका गावातून रात्री फोन आला. "डॉक्टर, आमचे बाबा गेले. नेत्रदान आणि त्वचादान करायचंय, पण पेढीवाले नाही नाही ते विचारतायत! कावीळ झाली होती का, कुत्रा चावला होता का... आम्ही दान देतोय, मग ही उलटतपासणी कशाला?"

मुलगा दुखावला होता. तरीही मी पेढीच्या बाजूने बोललो. बाबांना हिपॅटायटिस बी होता. 'जुनी गोष्ट' म्हणून मुलाने ते सांगितलं नव्हतं. समजावल्यावर त्यानेच पेढीला कळवलं. दान होऊ शकलं नाही.

आपल्या खालापूर-खोपोलीकडचे गंभीर भाजलेले रुग्ण अनेकदा ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला पाठवावे लागतात. तिथे त्वचापेढी आहे. देशातली पहिली त्वचापेढी २००० साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. दान मिळालेली त्वचा जखमेवर काही आठवडे पांघरुणासारखी राहते. वेदना, पाणी झिरपणं आणि जंतुसंसर्ग कमी होतो. पण अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. त्वचेबरोबर नवा आजार गेला तर मदत म्हणून दिलेली गोष्टच जिवावर बेतेल.

"मग रक्त तपासा ना!" तपासतातच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. पण लागण नुकतीच झाली असेल तर तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. रेबीज तर या तपासण्यांत कळतच नाही. एकाच दात्याची बुबुळं बसवलेल्या दोन रुग्णांचा भारतात रेबीजने मृत्यू झाल्याची नोंद १९८८ सालच्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. म्हणून तो कुत्र्याचा प्रश्न!

अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, पेढ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. पण घरातली माहिती कायदा काढू शकत नाही. ती नातेवाईकांनी आणि आम्ही डॉक्टरांनीच द्यायची असते.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहून आम्ही मोकळे होतो. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. कशामुळे, ते लिहायला हवं. मृत्यूचं कारण माहीत नसेल तर पेढी दान घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

दानाची इच्छा असेल तर एवढं करा:

• जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा.
• पेढीचं पथक आपल्या गावापर्यंत येईल का, हे आधीच विचारा. डोळे आणि त्वचा मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढावी लागते. ऐरोलीहून इथे यायलाच दीड-दोन तास जातात.
• मृत्यूनंतर पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या.
• विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्या. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा.

पेढीने नकार दिला तर तो तुमच्या माणसाचा अपमान समजू नका. तिकडे खाटेवर पडलेला रुग्णही कुणाचा तरी बाबाच असतो.