चूक त्याची, भुर्दंड आपल्याला का?

सिग्नलला टॅक्सी उभी आहे. मागून मोटार येऊन धडकते. डिकी चेपते, दिवा फुटतो. मोटारवाला पाचशेची नोट पुढे करून म्हणतो, "मिटवून टाका." पोलिसांचे लचांड नको म्हणून आपला माणूस ती खिशात घालतो. मग गॅरेजवाला सहा हजार सांगतो. तीन दिवस धंदा बुडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. बंधूंनो, ती नोट फार महाग पडते!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. धडक देणाऱ्याचा हा विमा समोरच्याचे नुकसान भरतो. आपल्याजवळ नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपली कंपनी आपली डिकी दुरुस्त करून देणार नाही. ते पैसे मोटारवाल्याने किंवा त्याच्या कंपनीने द्यायचे. आपला विमा सर्वसमावेशक असेल तर आपल्या कंपनीकडेही दावा करता येतो. पण काही रक्कम आपल्याला सोसावी लागते व 'नो क्लेम बोनस'ची सूट जाते. किरकोळ दुरुस्तीसाठी हा हिशेब आधी करावा.

जागेवर काय करावे? प्रथम कोणाला लागले आहे का ते पाहावे. दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे फोटो काढावेत. चालकाचे नाव, लायसन्स, पॉलिसी नंबर आणि साक्षीदाराचा फोन टिपावा. पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. विमा कंपनीला लगेच कळवावे. दावा करायचा असेल तर सर्वेअरने गाडी पाहण्याआधी दुरुस्ती करू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये. मिटवायचेच असेल तर गॅरेजचा अंदाज हातात घेऊन, बुडालेली रोजी धरून, लेखी मिटवावे.

समोरचा दाद देत नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणही चालते. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून आज-उद्या करू नये. वकिलाची फी परवडत नाही म्हणूनही गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे चौकशी करा.

हे कात्रण कापून गाडीच्या कागदांत ठेवा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुलामुलींनाही वाचून दाखवा.