डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत

‘डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत!’ गोव्याच्या किनाऱ्यावरचा हा पुकारा आता कुणालाच खटकत नाही. मला खटकतो, आणि तो करणाऱ्या होडीवाल्यापेक्षा तो ऐकून खूश होणाऱ्या आपल्या मंडळींचा राग अधिक येतो.

दिवाळीची सुटी लागली की बेळगाव-खानापूरकडच्या गाड्या कणकुंबीवरून चोर्ला घाटाला लागतात. वाटेत माउलीच्या देवळापाशी मलप्रभेच्या उगमाला भक्तिभावाने हात जोडलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी सिकेरीला होडीत बसते आणि ओरडू लागते, “ओ दादा, अजून जवळ घ्या की!” शेजारच्या बाकावरचे कुटुंब तेच कन्नडमध्ये ओरडत असते. पाटीवर कोणती भाषा वर असावी यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे आपण, इथे मात्र काय ती एकी!

होडीवाल्याने करावे काय? पैसे परत द्यायचे नसतील तर जनावर गाठलेच पाहिजे. एका होडीला काळी पाठ दिसली की बाकीच्याही तिकडेच वळतात. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो पिलाला दूध पाजतो, फुप्फुसांनी श्वास घेतो, आणि त्या श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. आपण ज्याला ‘दर्शन’ म्हणतो, तो त्या जिवाचा श्वास असतो! वर यावे तर होड्यांचा घेराव, खाली जावे तर इंजिनांची घरघर. गढूळ पाण्यात वाट आणि भक्ष्य तो आवाजावर शोधतो. इथला कुबडा डॉल्फिन तर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहणारा. पळून पळून जाईल कुठे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. भीमगडच्या रानात कुणी चार जीपगाड्यांनी वाघाला घेरले, तर आपणच वर्तमानपत्राला पत्रे लिहू. मग समुद्रात टाळ्या का? ‘आम्ही घाटावरचे, समुद्राशी आमचा काय संबंध?’ हेही चालणार नाही. कणकुंबीचा कळसा नाला म्हादईचा, म्हादईचीच पुढे मांडवी होते, आणि ती समुद्राला मिळते त्याच टापूत या होड्या हिंडतात.

यावर कुणी म्हणेल, गरीब होडीवाल्याच्या पोटावर का उठता? मुळीच नाही. न्यूझीलंडने १९९२ साली नियम केले: डॉल्फिन-देवमाशांपासून ३०० मीटरांच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या नकोत, वेगही बेताचा हवा. तिथला हा धंदा काही बुडाला नाही. आपल्याकडे नियम होतील तेव्हा होवोत. गिऱ्हाईक तर आजच शहाणे होऊ शकते. बसण्यापूर्वी विचारा, “लांबच इंजिन बंद करून थांबणार का?” नाही म्हणाला तर दुसरी होडी बघा. हो म्हणाला, थांबला आणि तासभर काहीच दिसले नाही, तरी ठरलेले पैसे पुरते मोजून द्या.