कोणते विष ते सांगा!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली बावीस वर्षे एका बँकेत कारकुनी करतो. शरीर हे मंदिर आहे, यंत्र आहे, भाड्याचे घर आहे, असे निरनिराळ्या लोकांनी मला निरनिराळ्या वेळी सांगितले होते. पण ते तुंबलेले गटार आहे, हा शोध प्रथम आमच्या मेहुण्याने लावला.

"भावोजी, तुमच्या अंगात टॉक्सिन्स साठलीत," माझ्या तिसऱ्या करंजीकडे रोखून पाहत तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"विषं हो, विषं!"

"कोणती?"

"आता कोणती काय? सगळी!"

माझ्यातला कारकून तिथेच अडला. उद्या काउंटरवर येऊन कोणी म्हणाला, 'माझ्या खात्यात गडबड आहे,' तर आम्ही विचारतो, कोणत्या तारखेची? किती रुपयांची? कोणाच्या नावे? इथे विषाला नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही. आणि ते काढून टाकल्याची पावती मागायची तर तीही सोय नाही!

पण सौभाग्यवतींच्या बंधूंचा शब्द हा ऑडिटरच्या शेऱ्यासारखा असतो. पटो न पटो, पूर्तता करावीच लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमचा मिक्सर ओरडू लागला आणि माझ्यापुढे एक हिरवा पेला आला. त्यात दुधी होता, कच्चा पालक होता, आवळा होता, ओली हळद होती, कुठल्याशा कुंपणावरून आणलेली गुळवेलीची काडी होती आणि वरून सफरचंदाचा सिरका होता.

या मंडळींशी माझे व्यक्तिशः भांडण नाही. दुधी मी चण्याच्या डाळीबरोबर आवडीने खातो. पालकाच्या ताकातल्या भाजीवर मी दोन पोळ्या जास्त घेतो. मोरावळ्याची बरणी तर आमच्याकडे माझ्यापासूनच लपवून ठेवतात. पण या सगळ्यांना एका भांड्यात कोंडून फिरवायचे, म्हणजे संगीत महोत्सवातल्या सगळ्या गवयांना एकदम माईक देण्यासारखे आहे. प्रत्येक जण थोर. पण ऐकणाऱ्याने काय पाप केले?

मी नाक दाबले, डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. मग डोंबिवलीहून सातअठ्ठेचाळीसची लोकल पकडली. लोकलला दार असते, खिडकी असते, पंखासुद्धा असतो; संडास नसतो. दिव्याला मी गंभीर झालो. मुंब्र्याला अबोल झालो. ठाणे येईपर्यंत तर इतका अंतर्मुख झालो की शेजारच्या गृहस्थाने मला न मागता चौथी सीट देऊ केली. मुंबईत याहून मोठी करुणा नाही.

रात्री मेहुण्याला फोन केला. तो आनंदाने म्हणाला, "बघा, विष बाहेर पडतंय!"

पुढच्या आठवड्यात डोके दुखले. "विष बाहेर पडतंय!" त्याच्या पुढच्या आठवड्यात काहीच झाले नाही. "फार खोल मुरलंय, भावोजी. पेला मोठा करा!" म्हणजे काहीही झाले तरी रक्कम पेल्याच्याच खाती जमा, आणि नावे टाकायला मी! असे हिशेब आम्ही बँकेत लिहिले असते तर आमच्यासाठी निराळ्या ठिकाणी राहण्याची सोय झाली असती.

मी चिडलो की वाचतो. वाचले तेव्हा कळले की, हे शुद्धीकरण खाते आपल्या पोटात जन्मापासूनच उघडलेले आहे. दीडेक किलोचे यकृत आहे, आणि मुठीएवढी दोन मूत्रपिंडे आहेत. ही जोडी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत जमा करते आणि दीडदोन लिटर तेवढे बाहेर काढते. रविवार नाही, ओव्हरटाइम नाही, चहाची सुट्टी नाही. असे दोन कारकून आमच्या शाखेत असते तर बाकीच्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती देता आली असती. आणि या बिचाऱ्यांच्या मदतीला आपण काय पाठवतो? रोज पेलाभर कच्च्या पालकाचा रस, ज्यातल्या ऑक्झलेटचे मुतखडे होतात!

२००९ साली ब्रिटनमधल्या काही तरुण वैज्ञानिकांनी 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या १५ मालांची चौकशी केली. डिटॉक्स म्हणजे काय, याची व्याख्या कोणत्याही दोन कंपन्यांची जुळली नाही. म्हणजे प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. कोणते विष?

त्याचे उत्तर एका रविवारी आमच्या घरातच मिळाले.

त्या दिवशी हिने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "अहो, आज फारच कडू झालंय."

"कडू तेच औषध!" मी पेपरातून डोके वर न काढता म्हणालो. विनोद केला, असे मला वाटले. हिने ते खरे मानून दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात आई आतून आली. "दुधी चाखला होतास का गं?" हिने मान हलवली. आईने ओट्यावरचा उरलेला तुकडा जिभेला लावला, लगेच थुंकला, आणि एक शब्द न बोलता दोन्ही पेले मोरीत ओतले.

तासाभरात हिला उलट्या सुरू झाल्या. दुपारी आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "रस कडू होता?" दोन दिवस सलाइन लागले. दोन घोटांवर भागले म्हणून दोन दिवसांवर भागले, असे डॉक्टर म्हणाले. त्या दोन रात्री खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी माझ्या त्या विनोदाचा विचार करत होतो. इतका वाईट विनोद मी आयुष्यात केलेला नाही, आणि मी पुष्कळ वाईट विनोद केलेले आहेत.

कडू दुधीत कुकरबिटॅसिन नावाचे द्रव्य असते. त्याने उलट्या होतात, पोटात रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. आपल्या देशात माणसे दगावलीही आहेत. त्यावर खास उतारा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला सल्ला असा: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आमच्या आईने हा अहवाल वाचलेला नाही. ती चौथी शिकली आहे. पण काकडीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय तिने आजवर कोशिंबीर केलेली नाही.

माझे भांडण आहे ते इथे. आपल्या स्वयंपाकघरात जीभ ही ऑडिटर आहे, आणि या हिरव्या पेल्याने तिलाच सक्तीच्या रजेवर पाठवले. नाक दाबा, डोळे मिटा, गिळा! कडू लागले तर उलट अभिमान बाळगा! अहो, कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे; दुधीचा कडूपणा ही नोटीस आहे. ती न वाचता गिळून टाकायची आणि वर 'नैसर्गिक आहे' म्हणायचे? धोत्रासुद्धा नैसर्गिकच आहे!

गुळवेलीचेही तेच. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालय म्हणाले, गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. वाद विद्वानांनी मिटवावा. पण कुंपणावरची काडी कोणत्या वेलीची, हे आमच्या मिक्सरला कोण सांगणार?

तेव्हा पेयात काय घालावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे. जिभेने मंजूर केलेले काहीही घालावे. कोकम, लिंबू, आले, पुदिना, भाजलेले जिरे, चिमूटभर सैंधव. ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत त्याने शहाळेसुद्धा डॉक्टरांना विचारून प्यावे, कारण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. बाकीच्यांनी खुशाल प्यावे. फक्त त्याला औषध म्हणू नये.

गेल्या महिन्यात मेहुणा आला. आईने त्याच्यापुढे कोकम सरबत ठेवले. त्याने पेला उजेडात धरून विचारले, "मावशी, याने नक्की काय होतं?"

"तहान भागते," आई म्हणाली.

त्याने एका दमात संपवले आणि आणखी एक मागितले.